अंगावर पुरळ, आत लिव्हर : औषधाची मोठी रिॲक्शन आल्यावर काय करायचं

मुलगी एकोणीस वर्षांची. कॉलेजात फिट आली म्हणून फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू झालेल्या. माझ्याकडे आणली तेव्हा अंगभर लाल पुरळ, १०२ ताप आणि चेहरा असा सुजलेला, की आईने मोबाइलमधला जुना फोटो दाखवला तेव्हा कुठे मला खरा चेहरा कळला. "गोवर असेल म्हणून तीन दिवस घरीच ठेवली डॉक्टर. कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ घालतेय." गोळ्या मात्र नेमाने चालू होत्या, कारण एकही चुकवायची नाही असं बजावलेलं होतं. मी कानाच्या पाळ्या चाचपल्या. दोन्ही जाड, टरारलेल्या. खालची पापणी ओढून डोळे बघितले. पांढरेशुभ्र, पिवळेपणाचा मागमूस नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला : एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारा आकडा, ६४०. हवा होता ४० च्या आत.

त्वचेचा डॉक्टर म्हणून मला हे कळकळीने सांगायचंय. औषधाच्या अशा रिॲक्शनमध्ये सगळ्यांचं लक्ष पुरळाकडे असतं आणि माणूस दगावतो तो बहुतेक वेळा लिव्हरमुळे. डोळे पिवळे होईपर्यंत थांबलात तर मोलाचे दिवस हातचे गेलेले असतात. म्हणून नव्या औषधावर असलेल्या माणसाला ताप आणि पुरळ दोन्ही आले, की त्याच दिवशी लिव्हरची तपासणी करायची. बाकीचा लेख या एका वाक्याभोवती आहे.

कोणती रिॲक्शन, हे आधी ओळखा

गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजला, धाप लागली, तर ती झटक्याची ॲलर्जी. ती जिवावर बेतू शकते आणि ताबडतोब इंजेक्शन लागतं, पण लिव्हरशी तिचा फारसा संबंध नसतो.

दुसरी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, आणि तिचंच भयंकर रूप म्हणजे टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस). साधारण ४ ते २८ दिवसांत येते. तोंड, डोळे, लघवीची जागा सोलवटते, कातडी दुखते आणि भाजल्यासारखी सुटते. इथे लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले बऱ्याच जणांत दिसतात. मोजक्या रुग्णांत मात्र लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नाहीशा होतात, आणि कातडी भरून आल्यावरही खाज आणि कावीळ महिनोन् महिने राहते.

तिसरी ड्रेस. नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय : ड्रग रिॲक्शन विथ इओसिनोफिलिया अँड सिस्टिमिक सिम्प्टम्स, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढवणारी आणि आतल्या अवयवांनाही धरणारी रिॲक्शन. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते सुचवलं. त्याआधी प्रत्येक औषधाचं वेगळं नाव चालायचं, डॅप्सोन सिंड्रोम वगैरे. लिव्हरवर खरा घाला घालते ती हीच. साधारण चारांतल्या तिघांचं लिव्हर यात सापडतं, त्याखालोखाल किडनी आणि फुफ्फुस. शंभरातले दोन ते दहा रुग्ण दगावतात. ही रिॲक्शन दोन ते आठ आठवड्यांनी येते, आणि घरची माणसं फसतात ती इथेच. "महिनाभर गोळी चाललीय, काही झालं नाही, आता कशी रिॲक्शन येईल?" हा प्रश्न मला सर्रास विचारला जातो. उत्तर असं, की शरीराच्या संरक्षक पेशींना त्या औषधाशी वैर धरायला तेवढे आठवडे लागतात. औषध पचवायचं काम लिव्हरचं, त्यामुळे भांडण पेटतं तेही तिथेच. त्यात शरीरात लहानपणापासून झोपलेला नागिणीच्या घराण्यातला एक विषाणू बऱ्याच जणांत याच काळात जागा होतो. मध्येच सुधारून पुन्हा बिघडण्यामागे त्याचा हात असू शकतो.

पहिलं काम : तारीख काढा

कागद-पेन घ्या. पुरळ किंवा ताप, जे आधी आलं त्याची तारीख लिहा. तिथून आठ आठवडे मागे जा आणि त्या काळात नव्याने पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. वर्षानुवर्षं चालू असलेली बीपीची गोळी बहुधा निर्दोष असते. शोधायची असते ती या आठ आठवड्यांतली नवी पाहुणी.

नेहमीचे संशयित असे. फिट्सच्या गोळ्यांत फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन. यातलं कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या कळांसाठीही देतात, तेव्हा "मला फिट्स नाहीत" म्हणून ते यादीतून वगळू नका. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल. सांधेदुखीसाठी किंवा आतड्याच्या सुजेसाठी सल्फासॅलाझिन. सल्फा असलेली को-ट्रायमोक्साझोल. एचआयव्हीच्या औषधांतलं नेव्हिरापिन. टीबीची औषधं. मुरुमांसाठी दिलेलं मिनोसायक्लिन. दवाखान्यात शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन. आणि डॅप्सोन, जे कुष्ठरोगाच्या पाकिटात रोजची गोळी म्हणून असतं. डॅप्सोनची रिॲक्शन साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात उभी राहते. आपल्याकडे विदर्भात नि कोकणात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात, म्हणून आशाताईंनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावंच.

यादीत न येणाऱ्या गोष्टीही विचारून काढा. पाळीच्या दुखण्यावर मेडिकलमधून आणलेली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी कुणी "औषध" म्हणून सांगत नाही. तिच्यामुळे ड्रेस होऊ शकते असा इशारा गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला होता. काढे, चूर्णं, वजन कमी करायच्या पुड्या, जिममधले डबे, सगळं लिहा.

ॲलोप्युरिनॉलबद्दल थोडं थांबून बोलतो. कुठल्या तरी पॅकेज तपासणीत युरिक ॲसिड जरा जास्त आलं, ना सांधा सुजला ना मुतखडा, तरी गोळी सुरू होते. नुसत्या आकड्यासाठी ती सहसा लागतच नाही. या गोळीची ड्रेस फार वाईट असते, लिव्हरबरोबर किडनीही ओढली जाते. ज्याची गरजच नव्हती त्या गोळीने माणूस अतिदक्षता विभागात गेलेला बघवत नाही.

दुसरं काम : उजेडात नीट बघा

ट्यूबलाइटखाली नको, दिवसाउजेडी बघा. चेहरा सुजलाय का, विशेषतः सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती? कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का? मानेत, काखेत, जांघेत गाठी लागतात का? पुरळ अंगाच्या अर्ध्याहून जास्त भागावर आहे का? तोंड उघडायला सांगा, आत फोड आहेत का? कातडी हात लावल्यावर दुखते का? लघवी चहासारखी गडद झालीय का? अन्नावरची वासना उडून मळमळतंय का? शेवटचे दोन प्रश्न लिव्हरचे आहेत आणि डोळे पिवळे होण्याच्या आधीचे आहेत.

गोवरात पुरळाआधी सर्दी, खोकला, लाल डोळे असतात. "उष्णता बाहेर पडतेय" या समजुतीने थांबू नका. ताप, चेहऱ्यावर सूज, अंगभर पुरळ आणि मागच्या आठ आठवड्यांत नवी गोळी, एवढं जुळलं की दवाखाना गाठायचा.

तिसरं काम : संशयित औषध त्याच दिवशी बंद

सगळ्या उपचारांत सर्वांत गुणकारी हाच. एकेक दिवसाच्या उशिराने लिव्हरची इजा वाढते. पुढचा डोस घेऊ नका आणि ज्यांनी औषध लिहिलं त्यांना तत्काळ फोन करा. फोन लागला नाही तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन.

फिट्सच्या रुग्णाची गोष्ट मात्र नाजूक. गोळी बंद करून घरी बसलात तर फिटांची रांग लागू शकते. त्यामुळे बंद करणं आणि दवाखान्यात पोचणं एकाच दिवशी. तिथे बहुधा लेव्हेटिरासेटॅम किंवा क्लोबाझॅमवर आणतात. फेनिटॉइन सोसलं नाही म्हणून कार्बामाझेपिन, ही अदलाबदल अजूनही होताना मी बघतो. ही सगळी एकाच घडणीची औषधं. एकाची रिॲक्शन आलेल्यांतल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना दुसऱ्याचीही येते. फेनिटॉइन, फॉसफेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फिनोबार्बिटोन ही पाचही त्या माणसासाठी बाद, आणि लॅमोट्रिजिनही टाळायचं. व्हॅल्प्रोएटची घडण वेगळी आहे, पण लिव्हर दुखावलेलं असताना तेही नको.

टीबीच्या औषधांत एक फरक समजून घ्या. पुरळ-ताप नसताना नुसतं लिव्हर बिघडलं, तर आकडे खाली आल्यावर डॉक्टर एकेक औषध पुन्हा सुरू करतात आणि ते योग्यच असतं. ड्रेस असेल तर तो खेळ वेगळा. तिथे पुन्हा सुरुवात करायची की नाही, कशापासून करायची, हे अनुभवी तज्ज्ञाने रुग्णाला दवाखान्यात ठेवून ठरवायचं. कुष्ठरोगात डॅप्सोन कायमचं वगळून उरलेल्या औषधांवर उपचार पूर्ण करता येतात. म्हणून रिॲक्शन आली की उपचारच सोडून देऊ नका.

चौथं काम : रक्त, आणि आकडे वाचायचे कसे

पहिल्या दिवशी हे मागा : सीबीसी आणि इओसिनोफिलची संख्या, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताचा निचरा अडला की वाढतं), बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर, लघवी. सोबत ए, बी, सी आणि ई काविळीच्या तपासण्या. यातली बी तर हवीच, कारण पुढे स्टेरॉइड द्यायचं ठरलं आणि शरीरात बी विषाणू दडलेला असेल, तर स्टेरॉइड त्याला मोकाट सोडतं. पोटाची सोनोग्राफी आणि एक ईसीजीही करून घ्या.

इओसिनोफिल पहिल्या रिपोर्टात नॉर्मल आले म्हणून "रिॲक्शन नाही" असं ठरवू नका. ते आठवडा-दोन आठवडे उशिराही चढतात.

आता लिव्हरचे आकडे. त्या मुलीचाच रिपोर्ट घेऊ. एसजीपीटी ६४०, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०, म्हणजे १६ पट. अल्कलाइन फॉस्फेटेज १८०, मर्यादा १२०, म्हणजे दीडपट. १६ ला दीडने भागलं की साधारण १०.७. हे उत्तर ५ किंवा त्याहून जास्त असेल तर लिव्हरच्या पेशी मरतायत. २ किंवा त्याहून कमी असेल तर पित्ताचा निचरा अडलाय. मधलं असेल तर दोन्ही. पेशी मरण्याचा प्रकार जास्त धोक्याचा. पित्त अडण्याचा प्रकार लवकर जीव घेत नाही, पण बरा व्हायला आठवडे-महिने घेतो.

दुसरी खूण अमेरिकन लिव्हरतज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या नावाने ओळखली जाते. पेशींच्या इजेत एसजीपीटी तिपटीहून जास्त, त्याच वेळी बिलिरुबिन दुपटीहून जास्त, आणि त्याला पित्ताचा अडथळा किंवा दुसरं कारण सापडत नाही, असं असेल तर दहातला साधारण एक रुग्ण दगावतो किंवा त्याला लिव्हर बदलावं लागतं. हे जुळलं की घरी ठेवून उपचार हा विषयच संपला.

आणि जिथे डॉक्टरही कधी कधी फसतात ती जागा. एसजीपीटी १२०० वरून ३०० वर आलं की घरात पेढे वाटायची घाई होते. त्याच वेळी आयएनआर १.३ वरून १.९ झालाय आणि बिलिरुबिन चढतंय, हे कुणी बघत नाही. एसजीपीटी ही मरणाऱ्या पेशींतून रक्तात सांडणारी गोष्ट. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी तो आकडा खाली येतो. लिव्हर काम करतंय की नाही हे सांगतो आयएनआर, कारण रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. म्हणून तिन्ही आकडे शेजारी-शेजारी, तारखेसह एका वहीत लिहा. सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड.

डॅप्सोनवरच्या माणसाचे डोळे रक्तपेशी फुटल्यामुळेही पिवळे होऊ शकतात. तिथे हिमोग्लोबिन घसरतं आणि एसजीपीटी फारसं हलत नाही. दोन्ही एकदमही होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा.

दवाखान्यात काय होतं, नातेवाइकांनी काय बघायचं

लिव्हर दुखावलेली ड्रेस म्हणजे ॲडमिट व्हायचं, आणि शक्यतो अशा ठिकाणी जिथे त्वचारोग, मेडिसिन आणि अतिदक्षता एकाच छताखाली आहेत. उपचाराचा कणा असतो स्टेरॉइडचा. बहुतेक ठिकाणी किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि सगळ्यांना वाटतं सुटलो.

ताप आहे म्हणून एकावर एक अँटिबायोटिक चढवणं इथे घातक ठरू शकतं. ड्रेसच्या काळात शरीर इतकं चिडलेलं असतं, की निष्पाप औषधही त्याला खपत नाही आणि नवं पुरळ उठतं. खरोखर जंतुसंसर्ग दिसत असेल तर अँटिबायोटिक लागतंच. पण "हे नक्की कशासाठी देताय?" असं नम्रपणे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. वेदनाशामक गोळ्या नकोत, पॅरासिटामॉलही मनाने नको.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने रोज सकाळी एक गोष्ट करावी. एकाच वहीत रुग्णाकडून त्याचं पूर्ण नाव लिहून घ्यावं. त्या मुलीच्या आईला मी हे काम दिलं होतं. अक्षर वेडंवाकडं होऊ लागलं, रेघ सोडून खाली घसरू लागलं, तर लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होतोय अशी ती पहिली चाहूल असू शकते. रात्रभर जाग आणि दिवसा झोप, असंबद्ध बोलणं, हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितल्यावर पंजे पंखासारखे फडफडणं, यातलं काहीही दिसलं की मध्यरात्र असली तरी नर्सला उठवा. आयएनआर १.५ च्या वर आणि जोडीला असा गोंधळ, याचा अर्थ लिव्हर फेल होतंय. अशा वेळी लिव्हर-प्रत्यारोपण होणाऱ्या केंद्राशी बोलणं तासांत व्हायला हवं. महाराष्ट्रात अवयवदानाची समन्वय केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. लिव्हर अचानक फेल झालेल्या रुग्णाला यादीत अग्रक्रम मिळतो, पण त्यासाठी आधी तो रुग्ण योग्य दवाखान्यात पोचलेला असावा लागतो.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे माळ घालणं, कावीळ उतरवणं, डाग देणं, नाकात रस पिळणं सुरू होतं. माळेने फारसं बिघडत नाही, वेळ जातो. पोटात घेतलेल्या झाडपाल्याने बिघडतं. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हर दुखावलेले रुग्ण नोंदवले होते. आधीच आग लागलेल्या लिव्हरवर नवं काही टाकू नका. उसाचा रस आणि फुटाणे हे काविळीचं आपलं पारंपरिक खाणं. फुटाणे खुशाल द्या. उसाच्या रसाचं मात्र जपून, कारण स्टेरॉइडमुळे साखर आधीच चढलेली असते. तेल, हळद, मीठ, वरण सगळं तोडून माणसाला उपाशी पाडायचं कारण नाही. साधं घरचं जेवण, थोडं थोडं, चार-पाच वेळा. दारू मात्र थेंबभरही नाही.

घरी आल्यावरचे तीन महिने

लोक घसरतात ते इथे. अंग स्वच्छ झालं, कोंडा निघून नवी कातडी आली, मग स्टेरॉइड कशाला, "ते वाईट असतं म्हणे." दहा दिवसांत गोळ्या सोडतात आणि पुरळ परत येतं, त्याहून आधी एसजीपीटी परत चढतं. स्टेरॉइड हळूहळू, दोन ते तीन महिन्यांत उतरवायचं असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवसाचा डोस लिहून ठेवा. लिव्हरची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला, आणि डोस कमी केल्यानंतर काही दिवसांनी नक्की.

काही जणांत महिन्यांनंतर दुसरीच तक्रार उभी राहते. थायरॉइड बिघडतं, क्वचित एकाएकी मधुमेह होतो, फार क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. थायरॉइडची तपासणी तिसऱ्या महिन्यात आणि पुढे वर्ष-दोन वर्षं अधूनमधून करा. खूप तहान, वजन उतरणं, धाप, छातीत धडधड, यांकडे "अशक्तपणा असेल" म्हणून काणाडोळा करू नका.

तेच औषध "अर्धी गोळी घेऊन बघू" हा प्रयोग आयुष्यात कधीही करायचा नाही. दुसऱ्या वेळी सहा आठवडे लागत नाहीत, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सगळं परततं, आणि जास्त जोराने. कुठल्या औषधाने झालं याची शंका उरलीच, तर बरं झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी पाठीवर पट्टी लावून करायची चाचणी असते, तीही तज्ज्ञाकडेच.

सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना आणि मुलांना सांगून ठेवा. ही प्रवृत्ती काही अंशी जनुकांतून येते. एचएलए नावाच्या जनुकांत डॅप्सोनसाठी बी १३:०१, ॲलोप्युरिनॉलसाठी बी ५८:०१, कार्बामाझेपिनच्या स्टीव्हन्स-जॉन्सनसाठी बी १५:०२ या खुणा सापडल्या आहेत. तपासणी सगळीकडे मिळत नाही, पण "माझ्या बहिणीला हे औषध सोसलं नाही" हे वाक्य फुकट आहे आणि ते ऐकून कुठलाही शहाणा डॉक्टर दुसरा पर्याय शोधेल.

रिॲक्शनची नोंदही करा. भारतात यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक. रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. सरकारी मेडिकल कॉलेजांत बहुधा त्याचं केंद्र असतं.

शेवटचं काम कार्डाचं. औषधाचं ब्रँडनाव लिहू नका, आतल्या घटकाचं लिहा, कारण एकच घटक डझनभर नावांनी विकला जातो. एक प्रत पाकिटात, फोटो मोबाइलमध्ये, एक घरच्यांकडे. त्या मुलीचं लिव्हर अकराव्या आठवड्यात पूर्ण सावरलं. तिच्या ओढणीच्या कोपऱ्याला आईने शिवलेल्या छोट्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड असतं. फिट येऊन ती बेशुद्ध असेल तेव्हा इमर्जन्सीत सगळ्यांत आधी हाताशी येणारं इंजेक्शन फेनिटॉइनचंच असू शकतं. म्हणून कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय :

"मला फेनिटॉइनने ड्रेस झाली होती. लिव्हर दुखावलं होतं. फेनिटॉइन, फॉसफेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन देऊ नका. फिट आल्यास मिडाझोलॅम किंवा लोराझेपॅम, नंतर लेव्हेटिरासेटॅम चालेल. आईचा नंबर मागच्या बाजूला आहे."